तोलामोलाचा हिशोब

मित्रहो, सुरुवात दोन सेकंदांपासून करतो.

17 मार्च 1990 ची रात्र, लास वेगास. मेक्सिकोचा हुलिओ सेसार चावेस विरुद्ध फिलाडेल्फियाचा मेल्ड्रिक टेलर. दोघंही तोवर एकदाही न हरलेले आणि दोघांकडेही एकाच वजनगटाचा एकेक जागतिक किताब. टेलर 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता, हाताला विलक्षण वेग. चावेसच्या एका ठोशाला तो तीन परत करत होता. अकरा राउंड संपले तेव्हा तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर तो इतका पुढे होता की शेवटचा राउंड नुसता उभ्यानं काढला असता तरी चाललं असतं. पण चावेसचे ठोसे कमी असले तरी जड होते. टेलरचा चेहरा सुजला होता आणि तो स्वतःचं रक्त गिळत होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात चावेसचा उजवा हात बसला आणि टेलर खाली गेला. मग उठलाही. रेफरी रिचर्ड स्टील यांनी विचारलं, ठीक आहेस ना? टेलर आपल्या कोपऱ्याकडे बघत राहिला, उत्तर दिलं नाही. स्टील यांनी हात हलवून लढत थांबवली, तेव्हा घड्याळात दोन सेकंद उरली होती.

मराठीत आपण निर्णय देणाऱ्यालाही पंच म्हणतो आणि ठोशालाही. त्या रात्री टेलर यातल्या कुठल्या पंचामुळे हरला, हा वाद अजून मिटलेला नाही. निकालाच्या वहीत मात्र वाद नाही. तिथं एवढंच लिहिलंय: चावेस विजयी, तांत्रिक नॉकआउट, बारावा राउंड.

आजचा विषय 'सर्वश्रेष्ठ लॅटिनो मुष्टियोद्धा कोण' असा पत्रिकेवर छापलाय. आयोजकांनी तो फार उत्साहानं छापला आहे. मला खरं तर या वहीबद्दल बोलायचंय. गावसकर मोठा की तेंडुलकर, या वादात आपण निदान सरासरी तरी फेकून मारतो. मुष्टियुद्धात सरासरी नसते. तिथं असतात तीन आकडे: विजय, पराभव, बरोबरी. लोक त्या तीन आकड्यांवर जीव टाकतात, आणि त्यातल्या मधल्या आकड्यावर सगळ्यात जास्त.

चावेसचंच घ्या. 1993 च्या सप्टेंबरात तो सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये पर्नेल व्हिटेकरसमोर उतरला, तेव्हा त्याच्या नावावर 87 विजय होते आणि पराभव शून्य. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेक्सिको सिटीच्या अस्तेका स्टेडियममध्ये त्याला बघायला एक लाख तीस हजारांवर माणूस जमला होता. असा आकडा ऐकला की आपण नमस्कार करून मोकळे होतो. पण आत डोकावून बघा. 1981 मध्ये कुलियाकानला, म्हणजे त्याच्या घरच्या गावात, एका लढतीत घंटेनंतर ठोसा मारला म्हणून त्याला बाद ठरवलं गेलं होतं. नंतर तिथल्या स्थानिक मंडळानं निकाल फिरवून त्याला विजयी केलं. चावेसचा मॅनेजर त्या मंडळाचा सदस्य होता! पुढे बारा वर्षं जग ज्या शून्याचं कौतुक करत राहिलं, त्या शून्याचा जन्म असा आहे. व्हिटेकरशी झालेली लढत पंचांनी बरोबरीत सोडवली. दोघांनी 115–115 गुण दिले, तिसऱ्यानं व्हिटेकरला पुढे ठेवलं. चावेसच्या चाहत्यांखेरीज बहुतेकांना ती लढत व्हिटेकरनं स्वच्छ जिंकल्यासारखी वाटली. अमेरिकेतल्या एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाचं मुखपृष्ठ होतं एका शब्दाचं, 'लुटलं!'

म्हणून चावेस लहान ठरत नाही हं. शरीरावर डावा हुक मारण्यात त्याचा हात धरणारा मी तरी पाहिलेला नाही. 1987 मध्ये एडविन रोसारिओला त्यानं ज्या थंडपणे मोडलं, ती लढत अवश्य बघा. माझं म्हणणं एवढंच की शून्य हा गुण नव्हे. शून्यावरच मोठेपण ठरणार असेल तर मेक्सिकोचाच रिकार्दो लोपेस पहिला यायला हवा. 51 विजय, एक बरोबरी, पराभव नाही. निवृत्त झाला तोही अजिंक्य. तंत्र असं की शिकवायला दाखवावं. पण तो लढला सगळ्यात हलक्या दोन गटांत, जिथं त्याला आव्हान देणारे मुळातच मोजके होते. त्यात त्याचा काय दोष? काहीच नाही. तरी यादी करायला बसलं की त्याचं नाव कुणाला चटकन आठवत नाही.

आपल्याकडे मातीतल्या कुस्तीत जोड लावतात, तेव्हा जुना वस्ताद आधी काय बघतो? पैलवानानं आजवर किती कुस्त्या मारल्या ते नाही, कुणाशी मारल्या ते. जोड तोलामोलाची हवी. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात दोन्ही आलं. तोल म्हणजे वजन, आणि मोल म्हणजे समोरच्याची किंमत. लॅटिन अमेरिकेतल्या या सगळ्या मंडळींना मी याच दोन मापांनी मोजतो.

आधी मोल. साल्वादोर सांचेस, मेक्सिकोचा फेदरवेट. 1981 च्या ऑगस्टमध्ये त्याच्यासमोर प्वेर्तो रिकोचा विल्फ्रेदो गोमेस होता. गोमेसनं तोवरचे सगळे विजय नॉकआउटनं मिळवलेले, एक बरोबरी सोडली तर पाटी कोरी. मेक्सिको आणि प्वेर्तो रिको यांचं मुष्टियुद्धातलं वैर तुम्हाला माहीत असेल. गोमेस एक वजनगट वर येऊन लढत होता आणि जिंकणार म्हणून बहुतेकांनी पैसे लावलेले होते त्याच्यावरच. सांचेसनं त्याला पहिल्याच राउंडमध्ये पाडलं आणि आठव्यात संपवलं. हा विजय मोठा, हे त्याच रात्री सगळ्यांना कळलं. पण पुढची गोष्ट जास्त मजेची आहे. 21 जुलै 1982 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सांचेससमोर ऐनवेळी बदली म्हणून एक घानाचा मुलगा आला. हातात जेमतेम तेरा लढती. सांचेसला त्यानं पंधराव्या राउंडपर्यंत घाम फोडला. लोक म्हणाले, चॅम्पियनचा सराव कमी पडलेला दिसतो. त्यानंतर तीन आठवड्यांनी, 12 ऑगस्टच्या पहाटे, सांचेस मोटार अपघातात गेला. वय 23. आणि तो घानाचा मुलगा? त्याचं नाव अझुमा नेल्सन. पुढे तो दोन वजनगटांत जगज्जेता झाला आणि नव्वदच्या दशकातही किताब राखून होता. म्हणजे सांचेस गेल्यानंतर त्याच्या शेवटच्या विजयाची किंमत वाढतच गेली. वहीतली ओळ तीच आहे, पण तिचं वजन आज वेगळं आहे.

आता तोल. इथं लोक सर्रास एक चूक करतात: अमक्यानं चार गटांत किताब मिळवले, तमक्यानं सहा गटांत, म्हणून तमका मोठा. पूर्वी वजनगट होते आठ, आणि प्रत्येक गटात जगज्जेता एकच. आज गट निदान 17 आहेत आणि किताब देणाऱ्या मोठ्या संघटना चार. त्यातल्या डब्ल्यूबीसीचं मुख्यालय मेक्सिको सिटीत आणि डब्ल्यूबीओचं प्वेर्तो रिकोत, म्हणजे हा पसारा वाढवण्यात लॅटिन अमेरिकेचा हातभार थोडाथोडका नाही. 17 गुणिले 4, म्हणजे एका वेळी निदान 68 पट्टे. आमच्या आळीतल्या गणेशोत्सव मंडळांच्या अध्यक्षांपेक्षा जास्त! त्यामुळे पनामा अल ब्राऊननं 1929 मध्ये मिळवलेला बँटमवेटचा किताब (लॅटिन अमेरिकेतला पहिला जगज्जेता तो) आणि आजचा एखादा पट्टा एकाच तराजूत घालता येत नाहीत.

वजन चढणं खरोखर किती अवघड असतं, ते बघायचं असेल तर 1974 ची पॅरिसमधली लढत बघा. होसे नापोलेस हा क्यूबाचा. क्रांतीनंतर तिथं धंदेवाईक मुष्टियुद्धावर बंदी आली म्हणून मेक्सिकोत गेला. हालचाल इतकी मऊ की लोकांनी नाव ठेवलं 'मान्तेकिया', म्हणजे लोणी. वेल्टरवेटचा थोर जगज्जेता. त्याला दोन गटांची उडी घ्यावीशी वाटली आणि तो मिडलवेटच्या कार्लोस मोन्सोनसमोर उभा राहिला. सहा राउंडनंतर नापोलेसच्या कोपऱ्यानं लढत सोडून दिली. मोन्सोन उंच, हात लांब, घाई म्हणून नाही. लोणी हवं तेवढं मऊ असू द्या, सुरीपुढे काय करणार?

मोन्सोनबद्दल मला बोलावंच लागेल, आणि बोलताना मी नेहमी अडखळतो. अर्जेंटिनाचा हा माणूस 1964 नंतर कधी हरला नाही. 1970 मध्ये रोममध्ये जाऊन, म्हणजे नीनो बेनवेनुतीच्या घरात, त्याला हरवून किताब घेतला. चौदा वेळा राखला आणि 1977 मध्ये किताबासकट निवृत्त झाला. 1988 मध्ये मार देल प्लाता इथं त्यानं आपली पत्नी अलिसिया मुनिस हिचा जीव घेतला. अकरा वर्षांची शिक्षा झाली. 1995 मध्ये सुट्टीवरून तुरुंगात परतताना मोटार उलटून तो मेला. मुष्टियोद्धे मोजायचे तर त्याला पहिल्या तिघांबाहेर ठेवणं अप्रामाणिकपणाचं आहे. पण कुणी त्याला आदर्श म्हणून माझ्यासमोर ठेवू नये.

आणि जे मोजताच येत नाहीत, त्यांचं काय? क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन, कधीच धंदेवाईक न झालेला. म्युनिक, मॉन्ट्रियल, मॉस्को, तीन ऑलिंपिकमध्ये हेवीवेटचं सुवर्ण. मोहम्मद अलीशी लढावं म्हणून त्याच्यापुढे लाखो डॉलर ठेवले गेले, तो गेला नाही. 1984 च्या ऑलिंपिकवर क्यूबानं बहिष्कार घातला, नाहीतर चौथंही सुवर्ण मिळालं असतं असं मानणारा मी एकटा नाही. त्याच्या आणि अलीच्या लढतीबद्दल तावातावानं बोलणारे मला भेटतात. मी चहा मागवतो.

क्यूबाचा आणि आपला एक धागा आहे, तो सांगून पुढे जातो. आपल्या राष्ट्रीय संघाला 1990 पासून दीर्घकाळ क्यूबाच्या बी. आय. फर्नांडिस यांनी शिकवलं. सरकारनं त्यांना 2012 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार दिला. 2008 मध्ये बीजिंगला विजेंदर सिंगनं भारताला मुष्टियुद्धातलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं, तेव्हा उपांत्यपूर्व फेरीत त्यानं हरवला तो इक्वेडोरचा कार्लोस गोंगोरा. उपांत्य फेरीत त्याला हरवलं क्यूबाच्या एमिलिओ कोरेआनं. त्या कोरेआचे वडीलही एमिलिओ कोरेआच, 1972 चे सुवर्णपदकविजेते.

बरं, माझं नाव. मघापासून पहिल्या रांगेतले काका खुणा करतायत.

रोबेर्तो दुरान. पनामा सिटीतल्या एल चोरिओ या गरीब वस्तीतला. वहीत 103 विजय आणि 16 पराभव. सोळा! चावेसच्या भक्तांना इथंच हसू फुटतं. पण हे सोळा कधीचे ते बघा. 20 जून 1980 च्या रात्री, मॉन्ट्रियलमध्ये शुगर रे लेनर्डला हरवून दुरान रिंगमधून बाहेर पडला, तेव्हा त्याची पाटी होती 72 विजय, एक पराभव. तो एक पराभवही एस्तेबान दे हेसुसकडून झालेला, ज्याला दुराननं पुढे दोनदा नॉकआउट केलं. दुरान मुळचा लाइटवेटचा. त्या गटाची मर्यादा 61 किलो, वेल्टरची सुमारे साडेसहासष्ट. लेनर्ड त्या वरच्या गटातला तरुण, अजिंक्य जगज्जेता. तोल दुरानच्या विरुद्ध, मोल सर्वोच्च. लॅटिन अमेरिकेच्या मुष्टियुद्धात यापेक्षा मोठा विजय मला सापडत नाही. उरलेले पंधरा पराभव त्यानंतरचे आहेत, बहुतेक तिशी उलटल्यावरचे, आपल्याहून थोराड माणसांकडून झालेले. तो लढत राहिला 2001 पर्यंत, पन्नाशीला आला तरी.

दुरानचीही वही स्वच्छ नाही, हे सांगायलाच हवं. 1972 मध्ये केन बुकाननकडून किताब घेतला, तो कमरेखालच्या फटक्याच्या वादात. आणि मॉन्ट्रियलनंतर पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला लेनर्डशी झालेली परतीची लढत तर जगाला ठाऊक आहे. लेनर्ड त्याच्याभोवती नाचत होता, वेडावत होता, आणि आठव्या राउंडमध्ये दुराननं पाठ फिरवली. 'नो मास', म्हणजे पुरे झालं. ते शब्द मी उच्चारलेच नाहीत, असं तो पुढे सांगत राहिला. उच्चारले असोत वा नसोत, पाठ तर फिरवली. मॉन्ट्रियलनंतर मेजवान्या झोडून वजन वाढवलं आणि घाईघाईनं उतरवलं, हे कारण खरं आहे, पण ती सबब होत नाही. माझ्या हिशोबात हा एक पराभव बाकीच्या पंधरांपेक्षा जड आहे. तो वजा करूनच मी त्याला पहिला म्हणतो, दुसरा मोन्सोन, तिसरा सांचेस. चावेस चौथा. हो काका, चौथा. बाहेर भेटू.

पण त्याआधी एक रात्र राहिली. 24 फेब्रुवारी 1989, अटलांटिक सिटी. दुरान 37 वर्षांचा. समोर मिडलवेटचा जगज्जेता आयरन बार्कली, वयानं बराच लहान, सहा फुटांहून उंच. दुरानची उंची पाच फूट सात इंच. या बार्कलीनं आदल्या वर्षी थॉमस हर्न्सला लोळवलेलं होतं, आणि त्याच हर्न्सनं 1984 मध्ये दुरानला दुसऱ्या राउंडमध्ये तोंडावर पाडलं होतं. म्हणजे कागदावरचं गणित सरळ होतं. अकराव्या राउंडमध्ये दुरानचा उजवा हात बसला आणि खाली पडला तो बार्कली. निकाल दोन विरुद्ध एक असा पंचांच्या मतांवर गेला. चौथ्या वजनगटातला किताब, लाइटवेटपासून अकरा किलो वर.