बेडकीचे टाके आणि विषाणूचं पांघरूण

मागच्या रांगेला ऐकू येतंय ना? हसलात, म्हणजे येतंय.

विषय फळ्यावर आहे: ‘जंतुनाशक पेप्टाइडं आणि विषाणू’. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. विषाणूंकडे येतोच, पण आधी बेडूक. पेनिसिलिनच्या बुरशीची गोष्ट शाळकरी पोरांनाही पाठ असते, बेडकाची कुणी सांगतच नाही, ही माझी जुनी तक्रार.

तर मायकेल झासलॉफ. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जनुकांवर काम करायचे. बेडकाशी देणंघेणं नाही, हवी होती अंडी. आफ्रिकन नखवाल्या बेडकीचं पोट उघडायचं, अंडी काढायची, टाके घालायचे आणि तिला परत टाकीत सोडायचं. टाकीतलं पाणी म्हणजे जंतूंचं आगर! तरी जखमेला ना लाली, ना पू. जिथे जिथे हे काम चालायचं, तिथे सगळ्यांनी हे पाहिलं असणार. पाहिलं, आणि अंडी घेऊन कामाला लागले. झासलॉफ मात्र थबकले. १९८७ साली त्यांनी त्या कातडीतून दोन पेप्टाइडं वेगळी केली, प्रत्येकी २३ अमिनो आम्लांची. नाव ‘मॅगेनिन’, हिब्रूतल्या ढालीवरून. इथे हमखास कुणीतरी विचारतं, मग बेडूक चाटला तर? चाटू नका.

स्वीडनचे शास्त्रज्ञ बोमन यांना पतंगाच्या कोशात सेक्रोपिन हे असंच पेप्टाइड त्याआधीच सापडलं होतं, कबूल. पण पतंगाला टाके कोण घालणार?

मॅगेनिनवरून बेतलेलं पेक्सिगॅनन हे मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांवरचं मलम. १९९९ साली अमेरिकी नियामकांनी ते नाकारलं. प्रचलित गोळ्यांइतका गुण येत होता, पण ‘इतका’ पुरला नाही. यावर मी तासभर... अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं, पळतो.

जिवाणूच्या आवरणावर ऋण भार, पेप्टाइडवर धन. ते चिकटतं, घुसतं, आवरण फाटतं. आपल्या पेशीची बाहेरची बाजू जवळजवळ भाररहित, म्हणून आपण वाचतो. पण फ्लू, झिका हे विषाणू आपल्याच पेशीचं पांघरूण ओढून बाहेर पडतात. मग ओळखायचं कसं? गंमत अशी, की फॉस्फॅटिडिलसेरिन हा ऋण भाराचा मेदरेणू पेशी आतल्या बाजूला दडवते. पांघरूण चोरणाऱ्या विषाणूला ती घडी सांभाळता येत नाही, रेणू बाहेर डोकावतो. पेप्टाइडांची नक्कल करणाऱ्या पेप्टॉइडांनी प्रयोगशाळेत झिका आणि चिकुनगुन्या निकामी केले. कॉक्सॅकी विषाणूला पांघरूणच नाही, तो ढिम्म.

आपल्या अंगातलं एलएल-३७ हे पेप्टाइडसुद्धा काचपात्रात फ्लूला आवर घालतं. रक्तात मात्र विकरं पेप्टाइडं कातरून टाकतात, आणि मात्रा वाढवावी तर तांबड्या पेशी फुटायची भीती. एचआयव्हीवरचं एन्फुविर्टाइड हे ३६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड २००३ साली औषध म्हणून मंजूर झालं. पण ते पांघरूण फाडत नाही, विषाणूला पेशीत मिसळू देत नाही, एवढंच. तेही दिवसातून दोनदा टोचून घ्यायचं.

अध्यक्ष उभेच राहिले. प्रश्न बाहेर विचारा, बेडकाचे आधी.