शेजारी काय मानतो?

हा कोल्हापूरचा दसरा चौक. राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याच्या आसपास या इमारती दिसतात, त्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांच्या आहेत. १९०१ मध्ये महाराजांच्या पाठबळावर मराठा आणि दिगंबर जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघाली, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला गेला आणि पुढे लिंगायत, ख्रिस्ती तसेच अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांचीही सोय झाली. मुस्लिम शिक्षण संस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले होते. कुराण मराठीत यावे यासाठीही त्यांनी खर्च केला, आणि या गोष्टीचे स्मरण आज अधिक व्हायला हवे.

२०१८ पासून सलग तीन वर्षे गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा शहरातील तालमींमध्ये गणपती आणि मोहरमचे पंजे, म्हणजे हाताच्या आकाराची पवित्र प्रतीके, एकाच छताखाली बसले. हा सहवास कोल्हापूरकरांच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु पंजासमोर भक्तिभावाने हात जोडणाऱ्या प्रत्येकाला करबलाची, म्हणजे इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याची, कथा ठाऊक असतेच असे नाही. शेजाऱ्याच्या सणात आपण सहज सामील होतो; तो काय मानतो हे मात्र त्याच्याच तोंडून ऐकावे लागते.

त्यासाठीच वेगवेगळ्या धर्मांचे हे विद्यार्थी सतरंजीवर गोल करून बसले आहेत. प्रत्येकाने स्वतःच्या श्रद्धेविषयी बोलावे, साऱ्या समाजाच्या वतीने नव्हे. आणि ऐकणाऱ्याने ते म्हणणे, बोलणाऱ्याला मान्य होईल अशा रीतीने, पुन्हा सांगून दाखवावे, एवढेच या बैठकीचे नियम आहेत. दुसरा नियम फार कठीण आहे. ही लिंगायत विद्यार्थिनी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून पूजा कशी करतात, ते दाखवते आहे. ‘म्हणजे ही शंकराची लहान पिंडी,’ असे समोरचा मुस्लिम विद्यार्थी सांगतो. ती नकारार्थी मान हलवते आणि हे निराकाराचे चिन्ह असून ते देहापासून वेगळे करायचे नसते, असे समजावते. त्यावर तो म्हणतो, ‘आम्हीही निराकारालाच मानतो, पण त्याचं चिन्ह ठेवत नाही.’ दोघेही तेथेच थांबतात. हा फरक मिटवण्याची घाई कोणी करत नाही, आणि आमच्या मते बैठकीचे खरे यश त्यातच आहे.

पुढचा प्रश्न शेतकरी कुटुंबातील जैन विद्यार्थ्याला आहे. नांगरताना मातीतले जीव मरतात, मग अहिंसेचे काय? तो विचारपूर्वक उत्तर देतो. जाणूनबुजून, मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी हिंसा, आणि उपजीविकेच्या कामात घडणारी ती उद्योगी हिंसा. गृहस्थाने पहिली पूर्णपणे सोडायची आणि दुसरी शक्य तितकी कमी करायची. मुनींचे व्रत याहून कितीतरी कडक असते, हेही तो आवर्जून सांगतो.

असे ऐकून घेणे का गरजेचे आहे, हेही कोल्हापूरने पाहिले आहे: ७ जून २०२३ रोजी मोबाइलवरच्या स्टेटसवरून याच शहरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले.

पुढच्या बैठकीत ख्रिस्ती विद्यार्थी बोलणार आहेत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे असताना देव एकच कसा, हा प्रश्न बाकीच्यांनी आतापासूनच लिहून ठेवला आहे.