तिसऱ्या वाचकासाठी लिहिलेलं पत्र

(दृश्य : फुगलेली लाकडी जमीन, कपाटाचा उखडलेला तळ.)

भिंतीतला पाइप फुटला आणि घरभर पाणी झालं. विमा होता, हप्ते वेळेवर भरलेले होते. तरी कंपनीचं उत्तर आलं ते एका ओळीचं : ‘सदर नुकसान पॉलिसीच्या अटींनुसार देय नाही.’

असं उत्तर हातात पडलं की माणूस चिडतो, आणि चिडलेलाच लिहायला बसतो. हा राग रास्तच असतो. पण ज्याच्या टेबलावर ते पत्र जाणार, त्याला रागाच्या आधारावर पैसे मंजूर करता येत नाहीत. त्याला फाइलवर शेरा मारायचा असतो, आणि त्या शेऱ्यासाठी तारीख, कलम, रक्कम, पुरावा असं काहीतरी लागतं. ते पत्रात नसेल तर फाइल हलत नाही.

(दृश्य : मातीची पाटी, तिच्यावर दाटीवाटीनं कोरलेली कीलाकार अक्षरं.)

ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक छोटी पाटी आहे. इसवी सनपूर्व १७५० च्या सुमाराची, आजच्या इराकमधल्या प्राचीन उर शहरातली. नन्नी नावाच्या ग्राहकानं एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला लिहिलेली ही तक्रार. चांगल्या लगडी देण्याचं कबूल करून तू हलक्या पुढे केल्यास, वर माझ्या माणसाला ‘घ्यायच्या तर घे, नाहीतर चालता हो’ असं सुनावलंस, असं नन्नी लिहितो. त्याच्या माणसांना शत्रूच्या मुलखातून रिकाम्या हातानं परतावं लागलं होतं. पैसे पुरते परत कर, आणि यापुढे लगडी माझ्या अंगणात मी स्वतः एकेक पारखून घेईन, असं तो बजावतो.

मला हे पत्र फार आवडतं. काय घडलं, काय हवं आणि पुढे काय करणार, हे सगळं त्यात आहे. आपण एआ-नासिरला एक मिना (त्या काळचं वजनाचं माप) चांदी देणं लागतो, हेही नन्नीनं दडवलेलं नाही. राहिली आहे ती मुदत. पैसे कोणत्या दिवसापर्यंत हवेत, हे तो कुठेच म्हणत नाही.

दाव्याचं पत्र तीन जण वाचतात, असं धरून चाला. पहिला, ज्याला ते लिहिलं तो. दुसरा त्याचा वरिष्ठ. आणि तिसरा, ज्याच्यासाठी खरं तर लिहायचं : प्रकरण पुढे गेलंच तर समोर बसणारा लोकपाल (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी), लवाद किंवा न्यायाधीश. त्याला तुम्ही माहीत नाही, तुमचं घर त्यानं पाहिलेलं नाही, फोनवर कोण काय बोललं ते त्यानं ऐकलेलं नाही. एवढ्या एका कागदावरून त्याला सगळं कळायला हवं.

(दृश्य : टेबलावर पॉलिसीची प्रत, एका कलमाखाली पेन्सिलची रेघ.)

पाइपचंच पाहू. घराच्या विम्यात बहुधा अचानक फुटलेल्या पाइपचं नुकसान मिळतं, महिनोन्‌महिने झिरपणाऱ्या पाण्याचं मिळत नाही. म्हणजे सगळं भांडण ‘अचानक’ या एका शब्दावर येतं. मग ‘आमचं अतोनात नुकसान झालं’ या वाक्याचा काय उपयोग? त्याऐवजी असं लिहा : ‘रात्री अकराला जमीन कोरडी होती. पहाटे पाचला खोलीत पाणी होतं. जोडपत्र १ मधला फोटो त्याच पहाटेचा आहे. पाइपची चीर ताजी आहे, गंज नाही, असं प्लंबरनं लिहून दिलं आहे. ते जोडपत्र २.’ आणि तो फुटका तुकडा जपून ठेवा. दुरुस्तीच्या गडबडीत नेमका तोच कचऱ्यात जातो.

त्यानंतर नकाराबद्दल विचारायचं. कोणत्या कलमाखाली नकार दिला, त्या कलमाचे शब्द काय, आणि ते लागू होतं असं कशावरून ठरवलं? नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा. आपलं नुकसान पॉलिसीतल्या अपवादात, म्हणजे भरपाईतून वगळलेल्या गोष्टींत, बसत नाही, हे सिद्ध करत बसण्याची घाई करू नका. अपवाद लागू होतो हे दाखवण्याचा भार सहसा कंपनीवर असतो. शिवाय पॉलिसीची भाषा कंपनीनंच लिहिलेली असते, म्हणून शब्द खरोखरच संदिग्ध असेल तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचायचा, हे तत्त्व अनेक देशांतली न्यायालयं मानतात.

सचोटीचं बंधन मात्र दोन्ही बाजूंना आहे. १७६६ साली इंग्लंडमध्ये कार्टर विरुद्ध बोहेम या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी हेच सांगितलं : विम्याचा करार विश्वासावर उभा असतो, आणि माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट कुणीही दडवायची नाही. कपाट आधीच खिळखिळं होतं? तसं लिहा. एक खोटी पावती निघाली की खऱ्या दहा पावत्यांवरचाही विश्वास उडतो, आणि काही पॉलिसींत तर सगळा दावाच बुडतो.

दुकानदाराला किंवा सेवा देणाऱ्या कंपनीला लिहितानाही हाच रिवाज. फक्त मागणी एकच ठेवा : पैसे परत, दुरुस्ती किंवा बदली वस्तू. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं लिहिलंत, तर योग्य काय हे तेच ठरवतील. ‘लवकरात लवकर’ लिहू नका, तारीख घाला. ती उलटली तर काय करणार तेही सांगा, पण जे खरोखर करणार असाल तेवढंच. पैसे दिले नाहीत तर पोलिसांत देईन, बदनामी करीन, असल्या धमक्या घालू नका. त्या तुमच्यावरच उलटू शकतात.

(दृश्य : पोचपावतीवर उमटणारा शिक्का.)

पत्र पोचल्याचा पुरावा राहील अशाच मार्गानं पाठवा. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी ई-मेल करा : ‘आज दुपारी आपण मला असं सांगितलंत.’ काही रक्कम देऊ केली तर सही करण्याआधी ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द शोधा. त्यांवर सही झाली की उरलेल्या रकमेसाठी भांडणं फार अवघड जातं.

आणि कॅलेंडरवर आणखी एका तारखेभोवती गोल करून ठेवा : दावा दाखल करण्याची कायद्यानं घातलेली मुदत. ‘आपलं प्रकरण विचाराधीन आहे’ अशी पत्रं येत राहिली, म्हणून ती मुदत थांबतेच असं नाही.