म्यानासकट चाकू

(कानशीचा आवाज. काही सेकंद निवेदन नाही.)

कानस पुढे जाताना पोलाद कापते. मागे येताना तिला जरा उचलायचं, नाहीतर दाते लवकर बोथट होतात. शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरलेली ही पट्टी 3 मिलिमीटर जाडीची आहे. तिच्यातून निघणारं पातं 7 सेंटिमीटरही भरणार नाही.

दिवसभरात चाकू कशाला लागतो ते आठवून पाहा. सुतळी तोडायला, खोक्याची चिकटपट्टी उघडायला, एखादं फळ चिरायला, पेन्सिलीला टोक काढायला. यातल्या एकाही कामाला वीतभर पातं लागत नाही. घडीच्या चाकूला बिजागरी आली, खटका आला. त्यात माती शिरते, कधी ना कधी ते सैल पडतात. या चाकूत हलणारं काहीच नाही. टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत पोलादाचा एकच तुकडा.

फक्त तो मिटत नाही. म्हणून म्यान लागतं, आणि म्यान नीट नसेल तर चांगल्यातला चांगला चाकूही खणात पडून राहतो. म्यान करायचं ते चाकूइतक्याच जिव्हाळ्यानं करायला हवं.

पट्टीच्या कडेवर काळी शाई फासून दोन समांतर रेघा ओढल्यात. दोन्ही बाजूंचा उतार घासत घासत या रेघांपर्यंत आणायचा आणि तिथे थांबायचं. धार आत्ताच काढली, तर ती पातळ कड भट्टीत वाकडी होते किंवा तेलात तडकते.

(दिवे मालवतात.)

अंधार मुद्दाम केलाय. उजेडात तापल्या पोलादाचा रंग फसवतो. हा लोहचुंबक बघा. मघाशी पातं त्याला चिकटत होतं, आता चिकटत नाही. साधारण 770 अंश सेल्सियसला लोखंडाची ही ओढ सुटते. या पोलादात सुमारे 0.84 टक्के कार्बन आहे. ते कडक व्हायला आणखी थोडी आच हवी, 800 ते 815 अंशांची. म्हणजे चुंबक सुटला की लाली अजून किंचित उजळेपर्यंत धीर धरायचा.

(पातं तेलात. आवाज तसाच राहू द्यावा.)

भांड्यात तेल असलं तरी मराठीत याला पाणी देणंच म्हणतात. पाण्यात हे पोलाद फार झपाट्यानं निवतं आणि तडा जाऊ शकतो. तेलही कोमट केलेलं आहे, 50 अंशांच्या आसपास. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याला सगळीकडून बिलगतं. सांडशीची हालचाल पाहा, पुढे-मागे, सुरीनं कापावं तशी. आडवं हलवलं तर एक बाजू आधी निवते आणि पातं वाकतं.

आता पुन्हा तीच कानस. ऐका.

(कानस पात्यावरून घसरते.)

काचेवरून फिरावी तशी घसरतेय. पोलाद कडक झालं, पण या घडीला काचेसारखंच ठिसूळही आहे. हातातून फरशीवर पडलं तर मोडेल. म्हणून ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास, मग निववायचं, मग परत दोन तास. घासून उजळलेल्या पोलादावर चढलेला हा वाळल्या गवताचा रंग त्या आचेचा आहे. थोडा कडकपणा गेला, त्याच्या बदल्यात चिवटपणा आला.

मूठ शिसवीची. दोन फळ्या, चिकटवायला एपॉक्सी, पितळेच्या दोन पिना. मग दगडावर धार, दोन्ही बाजूंनी साधारण 20 अंशांच्या कोनात.

आणि आता म्यान. कातडं झाडांच्या सालीत कमावलेलं आहे. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं कातडं मऊ असतं, ते ओलं करून दिलेला आकार धरून ठेवत नाही. दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूला, ही अरुंद पट्टी पाहा. बाहेरून ती कुणाला दिसणारही नाही. तिच्यामुळे धार टाक्यांना भिडत नाही. ही पट्टी गाळली, तर धार आधी दोरा कापते आणि मग बोट.

शिवण एका दोऱ्याची आणि दोन सुयांची. आरीनं पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या शिवणीत वरचा दोरा खालच्यात अडकलेला असतो; एक तुटला की ओळ उसवत जाते. इथे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात.

(बोटं ओल्या कातड्यावरून फिरतात. निवेदन नाही.)

आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तोच चाकू आहे. कातडं रात्रभर वाळेल आणि या एकाच चाकूच्या मापाचं होईल.

घरी चाकू म्यानाबाहेर ठेवावा, कातडं ओल धरतं आणि हे पोलाद गंजतं. केवढं पातं सोबत बाळगता येतं, याचे नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत. ते आधी पाहून घ्यावेत.

सकाळ झालीय. म्यान उलटं धरलंय. एकदा झटकलं, दोनदा झटकलं. चाकू जागचा हलला नाही. आता अंगठा म्यानाच्या तोंडाशी.

(खट्.)