उचल आल्यावर

बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं एक गाव. थंडीचे दिवस, सकाळचे दहा वाजून गेलेत. स्टँडसमोर चार गाळे आहेत, तिघांची शटरं खाली. चौथ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान, दोन वर्षांपूर्वी सुरू झालेलं.

काउंटरवरची ही उधारीची वही बघा. डावीकडं नाव, उजवीकडं रक्कम. पैसे कधी देणार, त्या रकान्यात तारीख नाही. पानापानावर एकच लिहिलंय: 'उचल आल्यावर'.

ऊसतोडीला जाण्याआधी मजूर जमवणारा मुकादम आगाऊ पैसे देतो, ती उचल. ती हातात पडली की किराणा, कापड, मोबाइल, सगळी उधारी चुकती होते आणि जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या वाटेला लागतात. दसरा-दिवाळीला गेलेली माणसं पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचं गाळप संपल्यावर, गुढीपाडव्याच्या आगंमागं परततात. तोवर गावात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं.

"गिऱ्हाईकच गावात नाही, तर दुकान कुणासाठी उघडावं दादा?" दुकानदार विचारतो. गाळ्याचं भाडं मात्र महिन्याला द्यावं लागतं. कर्जाचा हप्ताही महिन्यालाच.

आता छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला या. 1980च्या दशकात इथं बजाजचा कारखाना आला, मागोमाग सुटे भाग बनवणारी वर्कशॉपं आली. पहिल्या आठ-दहा दिवसांत पगार होतो आणि खानावळ, टपरी, पंक्चरवाला, सगळ्यांच्या गल्ल्यात पैसा खेळतो. असंच मोबाइलचं दुकान इथं टाकलं, तर त्याला दर महिन्याला एक सुगी मिळते. मग इथं कुणालाच दुखणं नाही, असं कुणी म्हणेल. पण दुकानाच्या मागच्या गल्लीत, लेथ मशीनवर सुटे भाग बनवणाऱ्याला ते आहे, फक्त वेगळं. काम भरपूर, बिल निघत नाही. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा कायदा 2006 पासून आहे. पण पुढची ऑर्डर ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध तक्रार करायची कुणी?

लातूरला मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार आहे, डाळ मिल आहेत आणि मेडिकल-इंजिनिअरिंगची तयारी करणारी हजारो मुलं आहेत. त्यांच्या जिवावर मेस, खोल्या, झेरॉक्सची दुकानं चालतात. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातही लोकांनी कसंबसं रेटलं. 2020 च्या टाळेबंदीत मात्र मुलंच गावी गेली आणि मेसच्या चुली थंडावल्या. बालाघाटातल्या गावाला दर दिवाळीनंतर जे भोगावं लागतं, ते लातूरनं तेव्हा पाहिलं.

म्हणून डोंगरपट्ट्यात धंदा बुडाला की 'पोराला जमलं नाही' म्हणतात, ते मला पटत नाही. पीककर्ज आपण हंगाम बघून देतो, सुगी झाल्यावर वसूल करतो. त्याच सुगीवर, त्याच उचलीवर चालणाऱ्या दुकानाला मात्र बारा महिने बारा हप्ते. पहिला हप्ता थकतो तो बहुतेक गाव रिकामं झाल्यावरच. हप्ते आषाढ ते दसरा जास्त आणि तोडीच्या दिवसांत कमी ठेवले, तर बँकेचं काय बुडणार आहे?

पाडव्याला चार दिवस राहिलेत. रस्त्यावर ट्रॅक्टर लागलाय, ट्रॉलीत भांडी, गोधड्या, वर बसलेली लेकरं. दुकानदारानं वहीतलं नवं पान उघडलंय. पहिलं गिऱ्हाईक फुटलेल्या काचेचा मोबाइल पुढं करतं.

"पैसे?"

"लिहून ठेव की."