कुलूप न उघडलेली कादंबरी

श्रोतेहो, नमस्कार.

ज्या लेखकांमुळे मला कादंबरी वाचण्याची गोडी लागली, त्यांची नवी कादंबरी वाचून मी फार निराश झालो, आणि आज त्याविषयीच मला आपल्याशी बोलायचे आहे. लेखकाचे किंवा पुस्तकाचे नाव मी घेणार नाही. ज्यांचे ऋण मानतो त्यांच्याविषयी चारचौघांत बोलताना एवढा संकोच राहणारच.

त्यांची पहिली कादंबरी मी कॉलेजात असताना सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणली होती. शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या एका खोलीच्या घरात आई दिवसभर विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने, आणि पत्र्याचा फर्मा ठेवून एकेक पान कात्रीने कापण्याचे ते न संपणारे काम. आईला वाचता येत नाही, म्हणून मी ते पुस्तक तिला मोठ्याने वाचून दाखवले. त्यातली बाई पान हातात घेते, बोटाने शीर चाचपते आणि जाड शिरेचे पान बाजूला टाकते, एवढेच एक वाक्य होते, पण ते ऐकताच आईचे हात थांबले आणि ती म्हणाली, "ह्यांच्या घरात कुणीतरी विड्या वळत असणार." आमच्याकडे तेलुगूत सुरू झालेले वाक्य मराठीत संपते, मध्येच एखादा कानडी शब्द येतो, शेजारच्या खालाशी बोलताना जीभ आपोआप दखनीकडे वळते. त्या पुस्तकात हे सगळे जसेच्या तसे होते, आणि लेखकांनी कुठेही त्याचा अर्थ समजावून सांगितला नव्हता.

नवी कादंबरी सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीवर आहे, हे कळल्यापासून मी तिची वाट पाहत होतो. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचे नाव असलेली ती १०,००० घरांची वसाहत. २००६ साली तिथल्या घरांच्या किल्ल्या कामगार बायकांच्या हाती पडल्या. जन्मभर भाड्याच्या खोलीत संसार केलेल्या बाईला स्वतःचे घर मिळते आणि त्याच दिवशी गल्लीतला शेजार सुटतो, यापेक्षा मोठा विषय आमच्या शहरात मला तरी दिसत नाही.

कादंबरीतली नायिका किल्ली घेऊन दारात उभी राहते आणि श्रम, भांडवल व स्त्रीचे दुय्यमपण यांविषयी सलग चार पाने बोलते, तेही सभेत शोभावे अशा शुद्ध मराठीत. त्या विचारांशी माझे भांडण नाही. कामगारांची चळवळ नसती तर ती घरे उभीच राहिली नसती. पण आता थकलेली माझी आई ऐकता ऐकता म्हणाली, "एवढं बोलतीय, कुलूप उघडून आत का बघत नाही ती?" खरोखरच, प्रकरण तिथेच संपते. चूल कुठे मांडली, पाने भिजवायला जागा मिळाली का, पहिल्या रात्री झोप लागली का, यांपैकी काहीच पुढे येत नाही.

दोष माझा असेल, मलाच जुने पुस्तक पुन्हा हवे असेल, अशी शंका आल्याने मी कादंबरी दुसऱ्यांदा वाचली. लेखकाने वाट बदलावी, तो त्यांचा अधिकारच आहे. मात्र इतक्या जवळून पाहणाऱ्या माणसाने पाहणे सोडून सांगत बसावे, याचे दुःख दुसऱ्या वाचनातही कमी झाले नाही.

दुसऱ्या वाचनात एक पान मात्र सापडले. संध्याकाळच्या बसमध्ये तीच बाई पिशवीत हात घालून, न बघता, पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे मोजते आणि एक कमी भरल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. तेवढे पान मी आईला वाचून दाखवले. तिने ते पुन्हा वाचायला लावले आणि म्हणाली, "हे त्यांचंच आहे."