आल: समुद्रकाठचे झुडूप, खानदेशी लाल

(दृश्य: अंगणातील चूल, तांब्याचे भांडे, वाफ)

या भांड्यात उकळत आहे ते आल नावाच्या झुडपाच्या मुळ्यांचे कूट. आज बाजारात हेच झुडूप नोनी या नावाने, बाटलीतल्या रसामुळे माहीत आहे. आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे समुद्रकिनारे हे त्याचे मूळ घर. वाळू आणि खारे वारे त्याला मानवतात आणि बीजातल्या हवेच्या पोकळीमुळे ते लाटांवर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते. समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशच्या काळ्या जमिनीत मात्र ते फळासाठी नव्हे, तर मुळ्यांसाठी पेरले जाई.

(दृश्य: खणकाम, हातातील मुळ्या)

पेरणीनंतर तीन-चार वर्षांनी जमीन खोल खणून मुळ्या काढत. जाड मुळ्यांना किंमत नसे, कारण रंग असतो तो सालीत, आणि बारीक मुळ्यांत लाकडाच्या मानाने साल अधिक. ही मुळी नखाने खरवडली की आत पिवळा रंग दिसतो; लाल करण्याचे काम पुढे तुरटी करते.

(दृश्य: कापड भिजवणे, पिळणे, वाळवणे)

कोरे सुती कापड आधी धुऊन, तेल आणि खार यांच्या मिश्रणात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळवले जाते. नंतर ते तुरटीच्या पाण्यातून काढतात, कारण सालीतले मॉरिंडोन हे रंगद्रव्य सुताला एकटे नीट धरत नाही. तुरटीतल्या ॲल्युमिनियमशी जुळले की पक्के बसते. त्यानंतर मुळ्यांच्या कुटासह कापड भांड्यात घालून आंच हळूहळू वाढवायची आणि कापड सतत वरखाली करत राहायचे, नाहीतर डाग पडतात. घाई येथे चालत नाही.

(दृश्य: फैजपूरचा रस्ता)

फैजपूर म्हटले की १९३६ चे, खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन आठवते. पण त्याच्या कितीतरी आधी हे गाव छापील सुती कापडासाठी आणि लाल व गडद निळ्या रंगांसाठी प्रसिद्ध होते, हे फारसे कोणी सांगत नाही. १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेब आणि लीबरमान यांनी डांबरातील द्रव्यापासून ॲलिझरिन बनवले, पुढे स्वस्त लाल रंग बाजारात आला आणि आल पेरणे बंद पडले.

(दृश्य: फळ, अगदी जवळून)

फळावरचा प्रत्येक डोळा म्हणजे एकेका फुलाची खूण. अनेक फुलांची फळे एकत्र जुळून हे एक फळ होते, म्हणून हिरव्या फळावरही पांढरी फुले उमलताना दिसतात. पिकल्यावर ते पांढरट, मऊ होते आणि त्याला खवट वास येतो, जो पडद्यावर पोचत नाही हे बरेच आहे. तरीही प्रशांत महासागरातील बेटांवर ते खाल्ले जाते, आणि आग्नेय आशियात कोवळ्या पानांची भाजी होते.

(दृश्य: दोरीवरचे लाल कापड, शेजारी दुसरे भांडे)

व्यापाऱ्यांच्या चोपड्यांना बांधणीसाठी लागणारा जाडाभरडा लाल खारवा याच रंगात रंगवत. तुरटीऐवजी लोखंडाचा अंश घातला, तर त्याच मुळ्या जांभळट, गडद छटा देतात. दुसऱ्या भांड्यात तोच प्रयोग चालू आहे.